फोमखाली उमटलेली चार बोटं

"वहिनी, तुम्ही त्या थर्माकोलच्या कंपनीत होतात ना?" असं लोक मला अजूनही विचारतात. नोकरीत असताना मी चिडायचे. आता हसते आणि "हो, तिथंच" म्हणून मोकळी होते. पण इथं लिहायची संधी मिळालीच आहे तर एकदाच सांगून टाकते. ते थर्माकोल नव्हतं. तो पॉलियुरेथेन फोम होता, आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये तो तपासायचं काम मी सत्तावीस वर्षं केलं.

माझं माहेर मोरिवली. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे कंपन्यांचे पत्रे दिसायचे आणि भोंग्यावर घरातला चहा चढायचा. लग्न होऊन बदलापूर गावात आले. बारावी सायन्स झालेली होती, तेवढ्यावर कंपनीत लागले. सुरुवातीला पॅकिंगला होते. मग आमच्या मालकांच्या लक्षात आलं की ही बाई पॅनेल खोक्यात घालण्याआधी त्यावर टिचकी मारून बघते. मालक उल्हासनगरचे सिंधी, नाव जेठानंद, पण आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी विचारलं, "ये क्या करती है तू?" मी म्हटलं, "दादा, आतून पोकळ असलं की आवाज वेगळा येतो. भोपळा घेताना नाही का बघत?" दुसऱ्या दिवशीपासून मी पॅकिंगमधून तपासणीत गेले. माझं सगळं करिअर त्या एका वाक्यात झालं.

फोम म्हणजे काय ते आधी सांगते. दोन ड्रममध्ये दोन पातळ द्रव असतात. ते एकत्र आले की ढोकळ्याच्या पिठात सोडा टाकल्यासारखे फसफसून वर येतात. बोटभर रस बघता बघता वीतभर फुगतो आणि काही मिनिटांत कडक होतो. आत लाखो बारीक बंद बुडबुडे राहतात. त्यांतून उष्णता सहज जात नाही, म्हणून शीतगृहाच्या भिंतींना, बर्फाच्या पेट्यांना, मासळीच्या गाड्यांना हा फोम लावतात. आमचं मूळ काम तेच.

त्या कामातलं एक गिऱ्हाईक मला नेहमी आठवतं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एकाचा कुल्फीचा कारखाना होता. त्याचा फोन आला की तुमची भिंत पोटुशी राहिली आहे. दादा मला घेऊन गेले. खरोखरच शीतखोलीच्या एका भिंतीला मोठा फुगवटा आला होता आणि ती अधूनमधून कटकट वाजत होती. कामगार आत जायला घाबरत होते. मालकाने दाराला लिंबू-मिरची तर बांधली होतीच, शिवाय भिंतीसमोर उदबत्ती लावली होती. मी टिचक्या मारत गेले. चांगल्या जागी ठक, ठक, आणि फुगवट्यापाशी भद्द. कापून बघितलं तर फोम उत्तम होता, पण त्याच्यामागे बर्फाची लादी तयार झाली होती. फोम लावण्याआधी त्या भिंतीवर जुन्या तेलाचा हात राहून गेला होता. तिथं फोम चिकटलाच नाही, मध्ये फट राहिली, फटीत हवा शिरली, हवेतलं पाणी गोठलं आणि त्याने फोम बाहेर ढकलला. कुल्फीवाल्याने उदबत्ती विझवली आणि आम्हाला मलई कुल्फी खायला घातली. मला मात्र त्या दिवशी माझा धंदा कळला. फोम क्वचितच मधून तुटतो. तो सुटतो बुडापासून, जिथं तो चिकटवलेला असतो तिथून. आणि तिथं काय राहून गेलंय ते वरून दिसत नाही.

रॉकेटचं काम आमच्याकडे आलं ते पुष्कळ पुढे. दक्षिणेतल्या अवकाश केंद्रातून एक मॅडम आल्या. थंकम मॅडम. केस पिकलेले, सुती साडी, पायात साधे सँडल. त्यांनी आमच्या शेडमध्ये तासभर काही न बोलता फेऱ्या मारल्या. दादांना वाटलं, काम गेलं. मग त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आप क्या सुनती हैं?" मी दोन पॅनेल पुढे ठेवली आणि त्यांना वाजवायला लावली. तिसऱ्या टिचकीला त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

काम छोटं होतं, पण नाजूक. रॉकेटच्या इंधनाच्या टाकीला बाहेरून एक पाइप खालपर्यंत जातो. तो धरून ठेवायला टाकीवर धातूचे कंस असतात. त्या कंसांना आम्ही फोमच्या टोप्या चिकटवायच्या. कंस तिकडून यायचे, आमच्याकडे साफ करून, प्रायमर मारून, टोपी चिकटवून, तपासून परत जायचे आणि तिकडे टाकीवर बसायचे.

टोपी कशाला, असं मी विचारलं होतं. मॅडमनी नीट समजावलं. टाकीत भरतात ते इंधन इतकं थंड असतं की त्यापुढे आपला डीप फ्रीझर म्हणजे तापलेला तवा. उघड्या धातूवर आजूबाजूची हवासुद्धा पातळ होऊन ओघळते. फोमखाली एवढीशी फट राहिली तर तिच्यात ही हवा द्रव होऊन साचते. रॉकेट वर निघालं की बाहेरून घर्षणाने तापतं, त्या द्रवाची परत वाफ होते, तिला जागा हवी असते, आणि ती फोमचा तुकडा उडवून देते.

मी म्हटलं, "मॅडम, एवढा हलका तुकडा. पडला तर काय होतंय?"

त्यांनी टेबलावरचा एक फोमचा तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हलका है, इसीलिए डर है. सुटल्याबरोबर हवा त्याला थांबवते. वो रुक जाता है. रॉकेट नहीं रुकता. तुकडा रॉकेटला मारत नाही, सुनंदा. रॉकेट जाऊन तुकड्याला मारतं." त्यांचं मराठी-हिंदी असं मिसळलेलं असायचं. पुण्यात दोन वर्षं शिकल्या होत्या म्हणे. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या की परदेशात एका यानाचा घात असाच एका फोमच्या तुकड्याने झाला आणि आतलं एकही माणूस परत आलं नाही. आमच्या रॉकेटात माणसं नसणार होती. तरीही त्या दिवसापासून मी टिचकी मारताना श्वास रोखायला लागले.

तपासणीचे दोन टप्पे होते. टोपी चिकटवण्याआधी कंसाचा पृष्ठभाग बघायचा. चिकटवल्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा. शिवाय प्रत्येक खेपेबरोबर नमुन्याचे तुकडे बनवून ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचे, थंडीने सुटतात का ते पाहायचं. हातमोजे सक्तीचे. नियमाच्या कागदावर ते पहिल्याच ओळीत होतं.

आता माझी चूक सांगते. हातमोजे घातले की मला प्रायमरवरचा बारीक कण कळायचा नाही. डोळ्याला दिसत नाही असा धुळीचा कण बोटाला लागतो. म्हणून एखाद्या कंसाबद्दल शंका आली की मी उजव्या हाताचा मोजा काढायचे आणि चार बोटं अलगद फिरवायचे. कण लागला की कंस परत साफ करायला. यात मला केवढा अभिमान होता! लपवत नव्हते, पण कुणी आलं की मोजा चढवायचे, म्हणजे लपवतच होते. फोममधून टोप्या कापून काढणारी आमची हिराबाई, बदलापूर गावचीच, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिने एकदा टोकलंही होतं. "काय गो, नियम बाकीच्यांना आन तुला नाय का?" मी तिला म्हटलं होतं, "हिराताई, माझी बोटं म्हणजे मशीन आहे." ती परत कापायला लागली.

त्या हिवाळ्यात नमुन्याचा एक तुकडा नायट्रोजनमधून बाहेर काढताच टुक असा आवाज होऊन टोपी धातूपासून सुटून पडली. हिराबाईने ती चिमट्याने उचलून माझ्यासमोर धरली. खालची बाजू गुळगुळीत होती. चांगला जोड तुटतो तेव्हा धातूवर फोमचा थर राहतो, म्हणजे फोम फाटतो पण जोड सोडत नाही. इथं धातू अगदी स्वच्छ, जणू तिथं कधी काही चिकटलंच नव्हतं.

आठवडाभर आम्ही सगळे कारण शोधत होतो. शेडमधला दमटपणा मोजला. प्रायमर बदलून बघितला. चिकटवणाऱ्या द्रवाचा एक नवा ड्रम त्याच महिन्यात उघडला होता, तेव्हा सगळ्यांचं बोट हळूहळू त्या ड्रमकडे वळलं. ड्रम देणारे मनोहरभाई उल्हासनगर कॅम्प तीनचे, दुकानावर स्वतः बसणारे छोटे व्यापारी. खरेदीवाल्यांनी त्यांना बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं. ते एवढंच म्हणत राहिले, "साईं, मैंने सील खोला भी नहीं." शेवटी नवा ड्रम मागवला, नवे नमुने बनवले, ते पास झाले, आणि कागदावर कारण पडलं, खराब ड्रम. सगळ्यांना हायसं वाटलं.

मला वाटेना. नव्या नमुन्यांच्या वेळी काही शंका आली नव्हती, म्हणून मी मोजा काढलाच नव्हता. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला फक्त तो गुळगुळीत धातू खुपत होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी तो सुटलेला नमुना काढला आणि त्यावर पाण्याचा फवारा मारला. धातू स्वच्छ असेल तर पाणी सपाट पसरतं. चिकटपणा असेल तिथं ते मागे सरतं आणि थेंब होतात. हे आम्ही कुल्फीवाल्याच्या वेळेपासून करत आलो होतो.

पाणी पसरलं आणि चार ठिकाणी मागे सरलं. चार लांबट गोल, शेजारी शेजारी. मी माझा उजवा हात त्यांच्यावर धरला.

चारही बोटं बरोबर बसली. हिराबाई डबा धुऊन आली आणि म्हणाली, "काय गो, तोंड का असं पारलंस?" मी नमुना पुसून टाकला. हो, पुसून टाकला.

पण मला कळत नव्हतं, वर्षानुवर्षं मी तशीच बोटं फिरवत होते, मग आताच का? उत्तर घरी मिळालं. साफसफाईच्या रसायनाने माझी बोटं फाटायची. त्या दिवाळीत माझी मुलगी पल्लवी, ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, हाताला लावायला एक भारीतलं क्रीम घेऊन आली होती. रोज सकाळी निघताना मी ते लावत होते. संध्याकाळी मी ती ट्यूब तिच्यापुढे धरली. "यात काय काय असतं वाच बरं."

तिने बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला मी तिला थांबवलं. "हे काय?"

"डायमेथिकोन. सिलिकॉनच असतं गं ते. हात मऊ राहतात, पाणी लागत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "का? खाज येतेय का?"

फोमच्या धंद्यात सिलिकॉन म्हणजे शत्रू. फोम साच्याला चिकटू नये म्हणून आम्हीच साच्याला सिलिकॉन मारतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका थर पुरतो. मी ते रोज बोटांना लावून नेत होते आणि ज्या कंसांवर माझा सगळ्यात कमी विश्वास होता, ज्यांना मी सगळ्यात काळजीने तपासलं, नेमकं त्यांनाच लावत होते. टिचकीला ते सापडणार नव्हते, कारण साध्या हवेत टोपी बसलेलीच राहते. थंडी पडली की सुटते.

पल्लवीला मी काही सांगितलं नाही. ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसली असती. त्या हिवाळ्यात माझ्या हातून गेलेले कितीतरी कंस दक्षिणेला पोचले होते. ते टाकीवर बसलेले असणार.

मी दोन दिवस गप्प राहिले. कामावर गेले, मोजे घालून तपासणी केली, घरी आले, भाकऱ्या थापल्या. मनात सारखा हिशेब चालायचा की कुणाला कळणार आहे? कारण कागदावर पडलेलं आहे. कदाचित ते कंस चांगले असतील. कदाचित सगळ्यांना क्रीम लागलं नसेल. मी रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली होती, आणि कंपनीत, गावात, माहेरी मला जी काही ओळख होती ती या बोटांमुळे होती. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते. चूक झाली तिची तेवढी वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेअर रिक्षातून उतरले तेव्हा कंपनीच्या गेटावर मनोहरभाई उभे होते. त्यांचा ड्रम परत न्यायला टेम्पो घेऊन आले होते. मला बघून त्यांनी हात जोडले. "बहन, तुम तो जानती हो. मेरा माल खराब नहीं था ना?"

मी त्यांना म्हटलं, "ड्रम टेम्पोत चढवू नका. थांबा इथंच." आणि सरळ दादांच्या केबिनमध्ये गेले.

दादा देवाच्या फोटोला हार घालत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोजा, बोटं, क्रीम, पाण्याचा फवारा, पुसून टाकलेला नमुना, दोन दिवस. दादांनी हार हातातच धरून ऐकलं. मग खुर्चीत बसले.

"कितना पीस तेरे हाथ से गया?"

"दादा, शंका आली त्याच कंसांना हात लावलाय. शंकेचा कंस मी वहीत टिंब देऊन लिहिते. या थंडीत सहा कंसांपुढे टिंब आहे."

"पक्का सहा?"

"पक्के सहा."

या कामासाठी त्यांनी काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. शेडचा अर्धा भाग काचेने बंद करून घेतला होता, आणि त्यांच्या थोरल्या मुलाने तेव्हा म्हटलं होतं की पप्पा, कुल्फीवाल्यांवर चाललंय ते बरं चाललंय. मी म्हटलं, "दादा, माझं नाव सांगा. कंपनीचं नको. मी राजीनामा देते."

"राजीनामा से टोपी चिपकेगी क्या?" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुन. काम जाएगा तो जाएगा. हम फिर से कुल्फी का दीवार बनाएँगे. पण ऊपर कुछ टूटा ना, तो मी माझ्या बायकोलाही तोंड दाखवू शकणार नाही. अब फोन मैं लगाता हूँ. बात तू करेगी."

त्यांनी थंकम मॅडमना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी जशी दादांना सांगितली तशीच गोष्ट परत सांगितली. मग मॅडम म्हणाल्या, "नंबर बोलो." मी सहा कंसांचे नंबर वाचले. त्यांनी एकेक नंबर परत म्हणून दाखवला. "सब टंकी पे हैं," त्या म्हणाल्या. "और कोई बात?" मी नाही म्हटलं. "ठीक है. तुम आओ. टोपी बनाने वाली को भी लाओ." फोन बंद.

बाहेर येऊन मी मनोहरभाईंची माफी मागितली. ड्रम परत आत गेला. दुसऱ्या दिवशी मी खरेदीवाल्यांना घेऊन त्यांच्या दुकानावरही गेले, कारण ज्यांनी त्यांना सुनावलं त्यांच्यादेखत मला सांगायचं होतं, आणि ते मी सांगितलं. मनोहरभाईंच्या बायकोने मला पाणी आणि भाजलेला पापड दिला. सिंध्यांच्या घरी पापड पाहुण्याला देतात. मला वाटलं होतं, त्या मला उंबऱ्यावरच उभं ठेवतील.

मी आणि हिराबाई आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलो. हिराबाईने नव्या टोप्यांची पेटी सामानात द्यायला नकार दिला, मांडीवर घेऊनच बसली. माझी चूक ऐकल्यापासून ती मला एक शब्दही टाकून बोलली नव्हती. विमान वर गेल्यावर मीच म्हटलं, "हिराताई, तू टोकलं होतंस गं मला." ती खिडकीतून बघत म्हणाली, "टोकलं, पन परत नाय टोकलं. मना वाटलं, सुनंदा हाय, तिला सगलं कलतं. म्हंजे माझी बी निम्मी चूक." आणि पेटीवरचा हात माझ्या हातावर ठेवला.

टाकी मी प्रथमच पाहत होते. चित्रात असते तशी नव्हती. तीन मजली इमारतीएवढी, उभी, भोवती पायऱ्या आणि फळ्या. आम्हाला पांढरे कपडे, टोप्या, मोजे घातले आणि वर नेलं. इतकी वर्षं मी तळहातावर मावणाऱ्या वस्तूला टिचक्या मारत होते आणि ती कशाला चिकटते ते माझ्या कल्पनेतही नीट नव्हतं. मी कठडा धरून खाली बघायला लागले. मॅडमनी माझ्या कोपराला धरलं. "नीचे मत देखो. सामने देखो."

सहाही टोप्या काढायच्या ठरल्या होत्या. हिराबाईने कापायला सुरुवात केली. पहिली टोपी फाटत, तुकडे तुकडे होत निघाली, धातूवर फोमचा थर ठेवून. चांगला जोड. दुसरीही तशीच. मला उगाच आशा वाटायला लागली की आपण सगळ्यांना विनाकारण घाबरवलं, आणि तसं असलं तर किती बरं. तिसऱ्या टोपीला हिराबाईने सुरी लावली आणि ती डब्याचं झाकण निघावं तशी अख्खी तिच्या हातात आली. खालचा धातू चकचकीत. हिराबाईच्या तोंडून "आगो बाय" एवढंच निघालं.

चौथी, पाचवी चांगल्या होत्या. सहावी परत तशीच, झाकणासारखी.

मॅडमनी ती सहावी टोपी घेतली आणि माझ्या मोजा घातलेल्या तळहातावर ठेवली. वजन कळलं नाही, इतकी हलकी. खाली दूरवर कुणीतरी हातोडी मारत होतं, तेवढाच आवाज.

मग कंस साफ करून प्रायमर मारला, वाळू दिला. आणि मॅडम म्हणाल्या, "अब चेक करो."

मला वाटलं होतं, हे काम आता त्यांचा माणूस करेल. मी म्हटलं, "मॅडम, मीच?"

"और कौन?"

"मोज्यातून मला कण कळत नाही, मॅडम. खरं सांगते."

त्यांनी खिशातून एक छोटी बॅटरी काढली, ती पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. आडव्या उजेडात प्रायमरवरचा एकेक कण सावली टाकत उभा राहिला, जसे उन्हं उतरताना रस्त्यावरचे खडे लांब दिसतात. दहा रुपयांची युक्ती होती ती. कुणाला विचारलं असतं तर कितीतरी वर्षांपूर्वीच कळली असती. मला माझ्या बोटांचा इतका गर्व होता की मी कधी विचारलंच नाही.

सहाही कंस मी त्या उजेडात तपासले. दोन ठिकाणी कण सापडले, परत साफ केले. टोप्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी मोज्यातून टिचक्या मारल्या. आवाज ऐकायला कान लागतात, बोटं नाही, हेही तेव्हाच कळलं.

रॉकेट उडालं त्या सकाळी आमच्या कंपनीत कुणी काम केलं नाही. दादांनी कँटीनमध्ये टीव्ही आणून ठेवला होता. मनोहरभाईही आले होते. रॉकेटवर एक कॅमेरा खाली तोंड करून बसवलेला असतो, त्याचं चित्र मधेच दाखवतात. त्यात पांढऱ्या कपच्या भराभरा खाली गळताना दिसल्या. मी दादांचा हात घट्ट धरला. तेवढ्यात आठवलं, मॅडमनी सांगितलं होतं की टाकीवर साचलेला बर्फ असा झडतोच, त्याला घाबरायचं नाही. पण बर्फ कुठला आणि फोम कुठला, टीव्हीवर मला कसं कळणार? उपग्रह ठरल्या जागी पोचला असं सांगितलं, कँटीनमध्ये टाळ्या झाल्या, दादांनी पेढे वाटले. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

तीन दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्यांनी त्या कॅमेऱ्याचं सगळं चित्रण थांबवून थांबवून पाहिलं होतं. "तुम्हारे छह के छह दिखते हैं," त्या म्हणाल्या. "सब अपनी जगह पे." मग म्हणाल्या, अहवाल मराठीत नाही, म्हणून एक ओळ वाचून दाखवते. दोष कसा सापडला, असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तिथं चाचणीचं नाव असतं, एखाद्या यंत्राचं असतं. त्यांनी ती ओळ इंग्रजीत वाचली आणि मग थांबून, शब्द शोधत, त्यांच्या त्या पुण्याच्या मराठीत सांगितली.

"तपासणाऱ्या बाईने स्वतः येऊन सांगितलं."